हात न बघता विकलेला पट्टा

मी डोंबिवलीत घरून पोळ्यांचं काम करते. रोज दीडशेच्या आसपास पोळ्या, सणावाराला पुरणपोळ्या वेगळ्या. मागच्या वर्षी मनगटाच्या पट्ट्यांच्या एका जोडीला मी 11,800 रुपये मोजले. पीठ, गॅस, मदतनीस बाईचा पगार जाऊन महिन्याकाठी माझ्या हातात जवळपास तेवढेच उरतात. पैसे गेले ते गेले, पण त्या पट्ट्याने माझा उजवा हात होता त्याहून वाईट करून ठेवला. ज्यांचे सांधे माझ्यासारखे सैल आहेत, ज्यांचं मनगट नाहीतर अंगठा दुखतो, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहून काढतेय.

सैल सांधे माझ्या आईकडून आले. शाळेत मी अंगठा वाकवून मनगटाच्या वर, कोपराकडच्या हाताला टेकवून दाखवायचे आणि मैत्रिणी किंचाळायच्या. गुडघे ताठ ठेवून दोन्ही तळवे जमिनीला लावायचे. घरात सगळे कौतुकाने रबराची बाहुली म्हणायचे. त्याला काही नाव असतं, त्याचा पुढे त्रास होऊ शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पस्तिशी उलटली आणि कणकेची परात उचलताना मनगट सटकल्यासारखं वाटायला लागलं. बरणीचं झाकण फिरवलं की अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. बाम झाले, शेक झाले, जुन्या ओढणीची पट्टी बांधून झाली. पोळ्या काही थांबवता येत नव्हत्या.

अशात आमच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयात ‘मोफत सांधे व हाडे तपासणी शिबिर’ लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “चल गं, फुकट आहे, बघून तर येऊ.” काकू एकाहत्तरच्या, मी तेव्हा एकोणचाळीसची.

टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेली एक पितळी रंगाची दांडी. ती मुठीत धरून मिनिटभर बसायचं. पडद्यावर रंगीत सांगाडा फिरत राहतो, मग छपाई यंत्रातून तीस-पस्तीस पानांचा अहवाल बाहेर येतो. पांढरा कोट घातलेल्या मुलाने लाल पेनाने आकडे गोल केले. “ताई, कोलेजन बघा किती खाली आलंय. हाडं सुटत चाललीयत. आत्ता नाही आवरलं तर दोन वर्षांत चमचा धरता येणार नाही.” मी घाबरले. ज्या हातांवर घर चालतं त्या हातांबद्दल कुणी असं बोललं की डोकं चालेनासं होतं. मला त्याने विचारलंही नाही की नेमकं कुठे दुखतं. हात उलटून पाहिला नाही, दाबून पाहिला नाही. सगळा वेळ तो कागदाशीच बोलत होता.

घरी येऊन काकूंचा आणि माझा अहवाल शेजारी शेजारी ठेवला तेव्हा पोटात खड्डा पडला. शेवटच्या चार पानांवरची वाक्यं शब्दाला शब्द सारखी, नाव आणि वय तेवढं वेगळं. पण तोवर शिबिरातच त्या मुलाने विकलेल्या पट्ट्यांचे पैसे देऊन झाले होते.

पट्टा दिसायला भारी होता. काळं जाड निओप्रीन म्हणजे रबरासारखं कापड, दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, आतून बारीक बारीक गोल चुंबकं, बाहेर तांब्याच्या तारेची नक्षी. खोक्यावर सोनेरी शिक्का, ‘एफडीए मान्यताप्राप्त’. आपल्याकडे एफडीए म्हटलं की राज्याचं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांसमोर येतं. हा शिक्का अमेरिकेच्या एफडीएच्या नावाचा होता. नंतर समजलं, मनगटाच्या साध्या पट्ट्यांना ती संस्था अशी मान्यता देतच नाही. कंपन्या तिच्याकडे नोंदणी करतात आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हे त्या संस्थेनेच स्पष्ट केलेलं आहे. साईज विचारली तर उत्तर आलं, “एकच साईज, सगळ्यांना बसते. डावा-उजवा पण एकच.” त्या एका वाक्यावर मी उठून यायला हवं होतं. माझं मनगट शिंप्याच्या टेपने जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर भरतं. माझ्या नवऱ्याच्या मनगटाचा पट्टा मला कसा बसेल?

चुंबकाचं आणि तांब्याचंही इथेच सांगते, कारण अशा पट्ट्यांत अर्धी किंमत त्यांचीच लावतात. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या 70 रुग्णांना आळीपाळीने चुंबकाचा पट्टा, चुंबकत्व काढून टाकलेला पट्टा, अगदी कमी ताकदीच्या चुंबकाचा पट्टा आणि तांब्याचं कडं वापरायला दिलं होतं. 2013 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. वेदना, सूज, आजाराचा जोर, कशातच उपयोगाचा म्हणावा असा फरक पडला नव्हता. ही माहिती कुणालाही वाचता येते. मी पैसे देऊन झाल्यावर वाचली.

“चोवीस तास घाला, अंघोळीपुरता काढा, तीन महिन्यांत फरक,” असं सांगितलं होतं. मी इमानदारीने सात आठवडे घातला.

पहिल्या आठवड्यात खरंच बरं वाटलं. मनगट जखडून टाकलं की कळ कमी होते, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. तिसऱ्या आठवड्यापासून मध्यरात्री जाग यायला लागली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींत मुंग्या. हात पलंगाखाली झटकत बसायचे. पट्ट्याखाली पुरळ उठलं. काम करताना मनगट हलत नाही म्हणून सगळा जोर अंगठ्यावर आणि कोपरावर जायचा. त्यात स्टीलच्या पट्टीचं टोक नेमकं अंगठ्याच्या मुळाशी, दुखऱ्या जागेवर रुतत होतं. फोन केला तर तो मुलगा म्हणाला, “आजार बाहेर पडतोय ताई, चांगली खूण आहे.” सहाव्या आठवड्यात चहाचा कप हातातून सुटला. सातव्या आठवड्याच्या शेवटी मी पट्टा उतरवला, तेव्हा पाव किलोचा तुपाचा डबासुद्धा एका हाताने उघडेना.

मग अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवलं. मी ओरडलेच. या दुखण्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, 1895 साली एका स्विस शल्यविशारदाने त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव पडलं. स्नायूंच्या टोकाशी असतात तशा, अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाजवळच्या अरुंद वाटेत घासून दुखायला लागतात. म्हणजे माझं दुखणं अंगठ्याचं होतं आणि मला विकलेला पट्टा अंगठा पूर्ण मोकळा सोडणारा होता. बोटांतल्या मुंग्या वेगळ्या, त्या पट्ट्यामुळे आलेल्या. मनगट मागे वाकलेल्या अवस्थेत घट्ट बांधून ठेवल्यामुळे तळहाताकडे जाणाऱ्या नसेवर दाब येत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मला पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी विभागात पाठवलं. रोजची कामं नीट करता यावीत म्हणून उपचार करणारा असा विभाग असतो हेच मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे तो आहे, हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेतही आहे.

तिथल्या मॅडमनी पहिली पंधरा मिनिटं फक्त माझे हात पाहिले. करंगळ्या मागे किती जातात, अंगठे हाताला टेकतात का, कोपर आणि गुडघे उलटे किती वाकतात, तळवे जमिनीला टेकतात का. याला बायटन गुणांक म्हणतात, एकूण नऊ गुण. पन्नाशीपर्यंतच्या मोठ्या माणसाला पाच किंवा जास्त मिळाले तर सांधे सर्वसाधारणपणे अतिलवचिक समजतात. मला सात मिळाले. मॅडमनी लगेच समजावलं की या गुणांवरून लवचिकपणा तेवढा कळतो, दुखणं कशामुळे आहे ते स्वतंत्रपणे शोधावं लागतं. मग म्हणाल्या, “पोळी कशी लाटता ते करून दाखवा.” मी टेबलावर रिकाम्या हातांनी लाटून दाखवलं. आजवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

माझा तो पट्टा त्यांनी टेबलावर ठेवून उलगडून दाखवला. चांगल्या पट्ट्यात धातूची पट्टी खिशात असते, काढून हव्या त्या कोनात वाकवता येते. माझी आत शिवून टाकलेली होती आणि मनगट बरंच मागे वाकवणारी होती. मुंग्या येणाऱ्याला रात्री मनगट सरळ ठेवणारा आधार लागतो. दुसरं, तळहातावर बोटांच्या मुळांखाली जी आडवी रेघ असते, तिच्या अलीकडे पट्टा संपला पाहिजे, म्हणजे मूठ पूर्ण वळते. माझा तिच्यापलीकडे बोटभर जात होता. पट्टा काढल्यावर राहिलेला लाल वण साधारण वीस मिनिटांत जायला हवा. माझा दुपारपर्यंत राहायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सैल सांध्यांना आवरून धरण्याचं काम स्नायू करतात. आधार चोवीस तास बांधला की तेच स्नायू दुबळे होतात आणि सांधा आणखी सैल पडतो. म्हणून आधार जड कामाच्या वेळी, किंवा दुखणं भडकलं असेल तेवढे दिवस, आणि किती वेळ घालायचा ते हात बघणाऱ्याने ठरवायचं.

मग त्यांनी प्लास्टिकसारख्या पांढऱ्या पत्र्यावर माझ्या हाताचा आकार पेनाने काढला, कापला आणि तो तुकडा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. बघता बघता तो भिजलेल्या पापडासारखा लुळा पडला. पुसून, जरा निवू देऊन माझ्या अंगठ्यावर आणि मनगटाच्या कडेवर बसवला आणि हातांनी धरून ठेवला. तीन-चार मिनिटांत कडक. हाड वर येतं तिथे त्यांनी आधीच पेनाने खूण केली होती, तेवढा भाग फुगवून मोकळा ठेवला. अंगठ्याचं टोक उघडं, बोटं मोकळी. तो हातात घालून मी पर्सची साखळी लावली आणि कळ आली नाही. मी तिथेच रडले. शिबिरातल्या पट्ट्याच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी पैसे लागले. रात्रीसाठी साधा, धातूची पट्टी काढता येणारा पट्टा मेडिकलमधून साडेचारशेला घेतला, मॅडमनी ती पट्टी सरळ करून दिली. सोबत अंगठ्याचे आणि मनगटाचे व्यायाम दिले. लाटणं जाडसर घ्यायला सांगितलं, आणि कणिक यंत्रात मळायला. यंत्र मी हप्त्यावर घेतलं.

आता पैशांचं. मला मिळालं होतं ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या वहीतलं एक पान, त्यावर ना नाव ना जीएसटी क्रमांक. पैसे मी यूपीआयने दिले ते दुकानाच्या खात्यात न जाता एका माणसाच्या नावावर गेले, हे मी त्या वेळी वाचलंच नाही. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, कमाल किंमत नाही, महिना-वर्ष नाही. 2011 च्या वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांप्रमाणे बंद खोक्यातल्या मालावर हे सगळं छापलेलं असावं लागतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. माझे तीस दिवस ‘आजार बाहेर पडतोय’ ऐकण्यात गेले. तीन महिने सांगण्यामागचं कारण मला आता कळतं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार मराठीत सांगता आली. पण समोरच्याचं नाव-पत्ता हवा होता आणि त्याचा फोन तोवर बंद झाला होता. मंगल कार्यालयाच्या मालकांकडे चार चकरा मारल्या, तेव्हा कुठे हॉल भाड्याने घेणाऱ्याचं नाव मिळालं. त्याआधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केलाय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची पावती, खोक्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, त्या मुलाचे व्हॉट्सअॅप संदेश आणि दोघींचे ते जुळे अहवाल मी एका फाईलमध्ये लावून ठेवलेत. पट्टाही फेकलेला नाही, पुरावा आहे तो.

काकूंनी तोच पट्टा दोन्ही हातांना घेतला होता. मी सांगून सांगून थकले तरी परवापर्यंत घालत होत्या, “एवढे पैसे घातलेत, वाया कसे घालवू?” म्हणून. काल संध्याकाळी वाटीभर साखर मागायला आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना सूज दिसली. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टे सोडले, आणि हात माझ्या मांडीवर घेऊन वण किती वेळात जातो ते घड्याळ लावून पाहिलं. पाऊण तास झाला तरी गेला नाही. मंगळवारी सकाळच्या सहा बावन्नच्या लोकलने त्यांना घेऊन मुंबईला निघतेय. पोळ्यांच्या सगळ्या घरी सांगून ठेवलंय, त्या दिवशी डबा नाही.