इनटेकचे भाग: तयार किट घ्यावे की मकरपुऱ्यात घडवून घ्यावे?

टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाच्या एका हॅचबॅकवर बाजारातले तयार इनटेक किट, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या भागांचा संच, आणि बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपकडून घडवून घेतलेले भाग, असे दोन्ही पर्याय आलटून पालटून वापरून पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. हवा गाळणारा भाग विकतच घ्यावा, हवा आणणारा भाग घडवून घ्यायला हरकत नाही, आणि यांपैकी कशावरही पैसे घालण्याआधी कंपनीच्या मूळ रचनेत अडथळा नेमका कुठे आहे, हे मोजून पाहावे. बडोद्यात हे तिन्ही करता येते. इथे लेथ आणि आर्गन वेल्डिंगची चांगली दुकाने आहेत, आणि १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले तेव्हापासून यंत्रकामाचे शिक्षण या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे.

इंजिनाला हवा किती लागते, हा हिशेब कागदावरही करता येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. म्हणजे १.२ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल तर त्या मिनिटात जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा ओढू शकेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ते ८५ टक्के भरतात असे धरले, तर सेकंदाला सुमारे ५१ लिटर हवा लागते. एवढी हवा ६० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून नेली तर तिचा वेग सेकंदाला १८ मीटरच्या आसपास राहतो, पण नळी ४५ मिलिमीटरची असेल तर तोच वेग ३२ मीटरवर जातो. नळीच्या तोंडाशी आणि शेवटी वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे व्यासातला हा वरवर किरकोळ वाटणारा फरक इंजिनाच्या दृष्टीने तिपटीहून अधिक ठरतो.

प्रत्यक्ष मोजमापाला महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू आकारात एका फळीवर बांधून तिच्यात रंगीत पाणी भरले की दाब मोजता येतो. पाण्याच्या पातळीत सुमारे १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक किलोपास्कल, आणि एक किलोपास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक टक्का. नळीचे एक टोक मोकळे ठेवायचे आणि दुसरे थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या अलीकडे जोडायचे. झडपेच्या पलीकडे, सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या बाजूला, ते चुकूनही जोडू नये, कारण आयडलिंगला तिथली पोकळी इतकी जबर असते की सगळे पाणी थेट इंजिनात ओढले जाईल. फळी गाडीत आडवी, म्हणजे दोन्ही उभ्या नळ्या डावी-उजवीकडे येतील अशी धरावी. ती लांबीच्या दिशेने धरली तर वेग घेताना पाणी मागे सरकते आणि आकडा चुकतो. चालकाने रस्त्यावरच लक्ष ठेवायचे असते, म्हणून आकडा टिपायला शेजारी दुसरा माणूस हवाच, आणि चाचणीसाठी रस्ता रिकामा हवा.

स्वच्छ फिल्टर असलेल्या मूळ रचनेत पूर्ण थ्रॉटलला पातळीतला फरक १८ सेंटिमीटरच्या आसपास आला. नंतर तीच नळी फिल्टर ज्यात बसतो त्या एअर बॉक्सच्या मळक्या, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या, बाजूला आणि स्वच्छ बाजूला जोडून पाहिली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. फिल्टरच्या कागदाचा वाटा जेमतेम ४ सेंटिमीटर होता, बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंतच्या घडीच्या नळीचा त्याहून थोडा कमी, आणि उरलेला सगळा, म्हणजे निम्म्याहून बराच जास्त, बॉक्सच्या आधीच्या ४५ मिलिमीटरच्या अरुंद सोंडेचा. याचा अर्थ असा की फिल्टर कितीही भारी घेतला, अगदी फिल्टर काढूनच टाकला, तरी मिळणारा फायदा अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. इतक्या ठिकाणी फिल्टरच्या जाहिराती वाचल्यानंतर हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या गाडीत सोंड मोठी आणि फिल्टर लहान असेल, त्यांचे उत्तर वेगळे येईल. पण ते उत्तर त्यांच्याच गाडीवर मोजून मिळेल, दुसऱ्याच्या अनुभवावरून मिळणार नाही.

आता तयार किटविषयी. मी घेतलेल्या किटमध्ये ॲल्युमिनियमची पॉलिश केलेली नळी, तेल लावलेल्या सुती जाळीचा शंकूच्या आकाराचा फिल्टर, सिलिकॉनचे जोड आणि जुबिली क्लिपा होत्या. कंपनीचे नाव देत नाही, कारण या धाटणीची बहुतेक किटे जवळपास सारखीच असतात. वस्तू म्हणून काम सुबक होते. नळीच्या टोकांना क्लिप निसटू नये म्हणून उंचवटा काढलेला होता आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्याच्या, हवेच्या नळीला योग्य जागी जोड होता. पाण्याची पातळी १८ वरून सुमारे ७ सेंटिमीटरवर आली, म्हणजे अडथळा खरोखर कमी झाला आणि इंजिनाला एक टक्क्याहून किंचित अधिक हवा मिळायला हवी होती.

परंतु तो फिल्टर बॉनेटखाली उघडाच बसतो, रेडिएटरमधून तापून येणारी हवा ओढतो, आणि इथेच सगळा लाभ हातचा जातो. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती देणाऱ्या ओबीडीच्या सॉकेटला लहानसा ब्लूटूथ रीडर लावून आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहिले, तर मे महिन्याच्या उन्हात, शहरातल्या सिग्नलमागून सिग्नल अशा रहदारीत, ते मूळ बॉक्सच्या तुलनेत १२ ते १५ अंशांनी जास्त दिसत होते. बडोद्याच्या उन्हाळ्यातल्या तापमानाला हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे एका हाताने एक टक्का मिळाला आणि दुसऱ्या हाताने चार टक्के गेले. हमरस्त्यावर सलग वेगात हा फरक बराच कमी होतो, हेही नमूद केले पाहिजे. आवाज मात्र भरदार होतो, कारण मूळ रचनेतला आवाज शोषणारा बंद कप्पा निघून जातो, आणि त्या आवाजामुळे पिकअप वाढल्याचा भास होतो. ज्यांना आवाजच हवा आहे त्यांनी किट जरूर घ्यावे, फक्त ती रक्कम आवाजासाठी दिली आहे, हे समजून घ्यावे.

फिल्टरच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूचा बारीक अंश असतो. तो सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढतो. कंपनीचा चांगला कागदी फिल्टर प्रमाणित चाचणीत ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो, आणि तो थोडा मळला की आणखी बारीक गाळतो. सुती जाळीच्या फिल्टरची भिस्त तेलाच्या थरावर असते. तेल कमी पडले तर धूळ आत जाते, जास्त झाले तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते. स्पंज किंवा जाळी कापून घरी फिल्टर करण्याचे प्रयोग मी पाहिलेले आहेत. ते कोणीही करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिकअपमधला एक टक्का परत मिळवता येतो, झिजलेला सिलिंडर परत मिळत नाही.

म्हणून मूळ बॉक्स आणि मूळ कागदी फिल्टर तसेच ठेवले आणि फक्त सोंड बदलायचे ठरवले. मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपला ६० मिलिमीटर आतला व्यास असलेली ॲल्युमिनियमची नळी, एक बाक, बॉक्सला बोल्टने बसणारी सपाट कड (फ्लँज) आणि तोंडाशी कर्ण्यासारखा उमलता भाग, असे काम दिले. नळीचे कापलेले तोंड सरळ मोकळ्या हवेत ठेवले तर हवा कडेवरून वळताना फाटते आणि वेगातल्या दाबाचा मोठा हिस्सा तिथेच वाया जातो. तीच कड व्यासाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या त्रिज्येने गोल केली, तर हे नुकसान जवळजवळ नाहीसे होते. आमच्या नळीसाठी ही त्रिज्या १२ मिलिमीटर येत होती, आणि त्यासाठी ९० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा राऊंड बार लेथवर चढवावा लागला.

टर्नर मूळचे जळगावकडचे, हयात बडोद्यात गेलेले. त्यांनी काम सुरू करण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर १२ मिलिमीटरचा पाव गोल कापून गेज तयार केले. टूल थोडे फिरवायचे, लेथ थांबवायचा, गेज कडेला लावून दिव्यासमोर धरायचे, आणि फटीतून उजेड दिसेल तिथे आणखी कातरायचे, असे ते करत राहिले. शेवटी पॉलिश पेपर मारून झाल्यावर म्हणाले, "साहेब, आतली कड हाताने बघा. नख अडलं तर परत फिरवतो." नख अडले नाही. किटच्या चकचकीत नळीत वेल्डिंगचा बारीक उंचवटा आतून हाताला लागत होता. इथे तो घासून सपाट केलेला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी नळी केरोसीनने धुऊन, हवा मारून, पांढऱ्या फडक्याचा बोळा दोरीने आरपार ओढून दाखवला. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण आत राहिलेला ॲल्युमिनियमचा कीस किंवा वेल्डिंगचा दाणा हाच घडवून घेतलेल्या भागाचा सर्वांत मोठा धोका असतो. फिल्टरच्या आधीच्या सोंडेत असा कीस राहिला तर फिल्टर तो अडवतो, पण फिल्टरच्या पुढची नळी घडवून घेतली तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. ज्या दुकानात ही काळजी दिसत नाही, तिथून फिल्टरपुढचा कोणताही भाग करून घेऊ नये.

साहित्याविषयी थोडे. प्लंबिंगची पीव्हीसी नळी स्वस्त असली तरी ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये सर्रास वापरले जाणारे पीएलए तर ६० अंशांवरच ढिले होते, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तेवढे तापमान सहज होते. प्रिंट करून घ्यायचेच असेल तर एबीएस किंवा एएसए मागावे.

नव्या सोंडेने पाण्याची पातळी ९ ते १० सेंटिमीटरवर आली आणि हवेचे तापमान मूळ रचनेएवढेच राहिले, कारण तोंड लोखंडी जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे, पूर्वीच्याच जागी आहे. आकड्यांत हा लाभ एक टक्क्याच्या आत आहे आणि तो वरच्या फेऱ्यांवरच मिळतो. खालच्या फेऱ्यांवर काहीच बदलत नाही, ॲव्हरेजही बदलत नाही. याहून मोठे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याला पाण्याची नळी लावून दाखवायला सांगावे. हवा घुसळण्यासाठी थ्रॉटलखाली बसवायच्या स्पेसर नावाच्या चकतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्या इंजिनात पेट्रोल थेट इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते, तिथे वर हवा घुसळून काही साधत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा बडोदेकरांनी सर्वांत आधी तपासावा. थंड हवा मिळावी म्हणून काही किटे फिल्टर बंपरच्या मागे, चाकाजवळ, खाली उतरवतात. कोरड्या प्रदेशात ही रचना उत्तम आहे. पण अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, दर पावसाळ्यात पाणी भरते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी कुठवर आले होते हे शहराने पाहिले आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे ते सिलिंडरमध्ये शिरले की वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल तर सामान्य विमा हे नुकसान सहसा भरून देत नाही. सोंडेचे तोंड कंपनीने ठेवले त्या उंचीच्या खाली आणू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे आहे.

विकत घेणेच योग्य ठरते, अशाही जागा आहेत. हवा मोजणारा तारेचा सेन्सर ज्या गाड्यांत असतो, अनेक डिझेल गाड्यांत तो असतो, तिथे सेन्सरच्या घराचा व्यास ६० वरून ६६ मिलिमीटर केला तरी क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. तारेला हवेचा वेग कमी भासतो आणि कॉम्प्युटर हवा कमी समजून बसतो. असे घर लेथवर अंदाजाने करण्यासारखे नाही. टर्बो पेट्रोल गाडीसाठी स्वतःचा बंद बॉक्स आणि बाहेरची हवा आणणारी नळी असलेले, त्याच मॉडेलसाठी तयार केलेले किट मिळत असेल तर त्याची किंमत मला रास्त वाटते. इनटेक मॅनिफोल्डही घडवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. त्यातल्या नळ्यांची लांबी हवेच्या लहरींशी जुळवलेली असते, आणि ती चुकली तर एका टप्प्यावर मिळालेले दुसऱ्या टप्प्यावर जाते.

कायद्याकडेही लक्ष द्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि वॉरंटीत असलेल्या गाडीवर कोणताही असा भाग लावला की सर्व्हिस सेंटर दावा नाकारू शकते. मूळ सोंड जपून ठेवावी. नवी सोंड मूळ बोल्टांवरच बसेल अशी करून घेतली, तर अर्ध्या तासात पूर्ववत करता येते.

खर्चाचा हिशेब असा. मजुरी, बार आणि आर्गन वेल्डिंग धरून वर्कशॉपचे बिल किटच्या निम्म्याच्याही आत आले. सिलिकॉनचा जोड आणि क्लिपा मी बाजारातूनच चांगल्या प्रतीच्या घेतल्या, कारण तिथे बचत करण्यात अर्थ नाही. वर्कशॉपला जाताना मूळ सोंड सोबत न्यावी, बॉक्सच्या तोंडाचे माप कॅलिपरने घेऊन कागदावर लिहून द्यावे, आणि बॉनेट बंद झाल्यावर वर किती जागा उरते ते चिकणमातीचा गोळा ठेवून आधी पाहून घ्यावे. पंधरवड्याने क्लिपा एकदा आवळाव्यात. उष्णतेने सिलिकॉन बसते आणि पहिली पकड थोडी ढिली होते.