सीएनसी टर्निंग की व्हीएमसी: आधी काय शिकायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. भोसरी-चाकणला किंवा कोल्हापुरात शिरोलीकडे प्रॉडक्शनच्या शॉपमध्ये लागायचं असेल, तर आधी टर्निंग, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या (सीएनसी) लेथचं काम, शिका. डाय-मोल्डच्या टूलरूमवर, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागावर, डोळा असेल, तर सरळ व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन.

टर्निंगमध्ये जॉब (कापायचा तुकडा) फिरतो आणि साध्या मशीनवर अक्ष दोनच, एक्स आणि झेड. एक्समध्ये व्यास लिहायचा, त्रिज्या नाही. ड्रॉइंगवरचा आकडा जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये जातो. मायक्रोमीटरला ५० ऐवजी ५०.०४ आलं, तर ऑफसेटमधून (मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या दुरुस्तीच्या आकड्यातून) ०.०४ वजा करायचे आणि पुढचा जॉब मोजायचा. काय बदललं की काय होतं, हे लगेच दिसतं. नवख्याला याहून चांगला मास्तर नाही.

व्हीएमसीवर टूल फिरतं, जॉब टेबलावर बांधलेला असतो. वाइस (जॉब पकडणारा शिकंजा) डायल लावून सरळ करा, जी५४ मध्ये जॉबचा शून्यबिंदू भरा, मग प्रत्येक टूलची लांबी घ्या. टूलची लांबी लागू करणाऱ्या जी४३ कोडसोबत चुकीचा एच नंबर (लांबीच्या नोंदीचा क्रमांक) पडला, तर टूल थेट जॉबमध्ये घुसू शकतं. कटरची भरपाई त्रिज्येत भरली असेल, तर खिसा (जॉबमध्ये कोरलेला खळगा) ०.०४ ने रुंद करायला ०.०२ च कमी करायचे. टर्निंगवरून आलेली मुलं इथे हमखास अडखळतात.

स्पीडचं सूत्र दोन्हीकडे एकच: १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले (π गुणिले व्यास). १५० मीटर प्रतिमिनिट आणि ५० मिमी व्यासाला साधारण ९५५ आरपीएम. लेथवर जी९६ (कटिंग स्पीड स्थिर ठेवणारा कोड) दिलं की व्यास घटेल तसे आरपीएम कंट्रोलच वाढवतो. फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) टूल मध्याकडे जाताना ते भलतेच चढतात, म्हणून आधी जी५० ने मर्यादा घालायची. व्हीएमसीवर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) बहुधा मिमी प्रतिमिनिट असतो, तो आपणच काढायचा. १० मिमीचा चार दातांचा एंडमिल, ३१८० आरपीएम, दाताला ०.०५ मिमी, म्हणजे एफ ६३६.

दोन्ही एकदम शिकू नका. फानुक कंपनीच्या कंट्रोलच्या नेहमीच्या लेथवर जी९० ही टर्निंगची सायकल आहे, व्हीएमसीवर तेच जी९० म्हणजे सगळी मापं शून्यापासून. जी९९ चंही तसंच: लेथवर प्रतिफेरा फीड, व्हीएमसीवर ड्रिलिंग सायकलमध्ये आर पातळीपर्यंत (जॉबच्या किंचित वर ठरवलेल्या उंचीपर्यंत) परत येणं. पाठांतर करणाऱ्यांची इथे पुरती भंबेरी उडते.

हाताने प्रोग्रॅम लिहिण्यात टर्निंग सोपं. जी७१ ला फिनिश आकार सांगा, रफ कट तो स्वतः पाडतो, शेवटी फिनिशसाठी जी७० फिरवा. व्हीएमसीवर होल, फेसिंग, साधे खिसे हाताने जमतात. मोल्डचा वळणदार पृष्ठभाग आला की प्रोग्रॅम हजारो ओळींचा होतो. तिथे मास्टरकॅम किंवा एनएक्ससारखं सॉफ्टवेअर लागतंच. टूलरूमची वाट धरणाऱ्याने तो खर्च आणि वेळ आधीच धरावा.

पगाराची तुलना मुद्दाम करत नाही. तो मशीनपेक्षा सेटिंग येतं की नुसतं बटण दाबता येतं, यावर जास्त ठरतो. म्हणून क्लास निवडताना चालू मशीनवर ऑफसेट स्वतः घ्यायला देतात का, तेवढं विचारा. आणि आयटीआय मशिनिस्ट ट्रेडमधून झाला असेल, मिलिंगवर हात बसलेला असेल, तर वरचा माझा सल्ला सोडा आणि व्हीएमसीच घ्या.