एमएसडब्ल्यूवाल्यांचं ते निळं स्पायरल : घ्या, पण कायद्याची पानं त्यातून वाचू नका

माझ्याकडं फिल्डवर्कला येणाऱ्या एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) पोरापोरींच्या सॅकमध्ये हल्ली एक निळ्या कव्हरचं स्पायरल असतंच असतं. समाजकार्यातले पारिभाषिक शब्द, मराठी अर्थासह. कुणी तयार केलंय ते आत-बाहेर कुठंच लिहिलेलं नाही, कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडं 160 रुपयाला मिळतं आणि विचारलं तर "एका सरांनी दिलंय मॅडम" एवढंच उत्तर. मी पण घेतलं, कारण रिपोर्टमध्ये काही दुरुस्त केलं की पोरं म्हणायची "मॅडम पुस्तकात असंच आहे", म्हणलं बघूया तरी हे पुस्तक आहे काय. पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. 5 पैकी 3 देते, आणि ते 3 सुद्धा नेमके कशाला ते सांगते.

छपाईचं आधी उरकते. कागद बरा आहे, पण मागची पानं पुसट आलीत, टोनर संपत आल्यावर काढलेली दिसतात. मांडणी अशी की डावीकडं इंग्रजी शब्द, मधे मराठी, उजवीकडं दोन-चार ओळी स्पष्टीकरण, आणि क्रम लावलाय इंग्रजी ए टू झेड. इथंच गोची झालीय. करमाळा, मोहोळ, अक्कलकोटकडून आलेलं मराठी मिडियमचं पोरगं वर्गात "व्यक्तिसहाय्य कार्य" ऐकून येतं, त्यानं ते शोधायचं कुठं? त्याचा इंग्रजी शब्द केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबरचं काम, हा आधीच माहीत असेल तरच ते सी खाली सापडणार, आणि माहीत असेल तर मग पुस्तक कशाला पाहिजे? मागं मराठी अक्षरांप्रमाणं चार पानांची सूची दिली असती तर काम झालं असतं.

असल्या पुस्तकाची गरज आहे हे मात्र शंभर टक्के. हा विषय आपल्याकडं आला तोच इंग्रजीतून. मुंबईत 1936 ला सर दोराबजी टाटा स्कूल निघालं, आत्ताचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), त्याचे पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन. त्याच्याही आधी 1917 ला मेरी रिचमंड बाईंनी केसवर्कवर जे मोठं पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच डायग्नोसिस आहे, म्हणजे डॉक्टर लोकांचा शब्द. डायग्नोसिस, ट्रीटमेंट, केस, इंटेक असे निम्मे शब्द दवाखान्यातून आणि ऑफिसातून उचललेले, आणि आपण ते सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाईसमोर बसून वापरायचे. त्यात एमएसडब्ल्यू ह्या डिग्रीच्याच नावाचा घोळ, महापालिकेत गेलात तर एमएसडब्ल्यू म्हणजे घनकचरा आणि सरकारी दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर, ज्याच्या दारावर पाटी असते "समाजसेवा अधीक्षक". पोरं ती पाटी वाचून पुढं जातात आणि मग विचारत फिरतात की मॅडम सोशल वर्कर कुठं बसतात.

आता चांगलं काय ते. पद्धतींचा भाग छान जमलाय. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ह्या तीन प्राथमिक पद्धती, आणि सामाजिक कृती, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन ह्या तीन दुय्यम, सहाही सुटसुटीत दिल्यात. समुदाय संघटन म्हणजे मोर्चा काढणं नव्हे आणि गटकार्य म्हणजे नुसता बचत गट काढून पासबुक उघडणं नव्हे, हे त्या सरांनी (कोण असतील ते) ठासून सांगितलंय, त्याबद्दल त्यांना चहा पाजला पाहिजे. जेनोग्रामचं, म्हणजे कुटुंबाच्या नकाशाचं पान तर एकदम झकास, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, गेलेल्या माणसावर फुली, आणि खाली तीन पिढ्यांचं एक कुटुंब काढून दाखवलंय. शेजारी इकोमॅप, म्हणजे घर मधे आणि भोवती शाळा, कारखाना, दवाखाना, भिशी, सावकार, कुणाशी नातं घट्ट आणि कुणाशी ताणलेलं ते रेघांवरून कळतं. हे मी माझ्या ऑफिसच्या भिंतीला लावलंय.

केसवर्कवर लिहिणाऱ्या बायस्टेकची 1957 ची सात तत्त्वंही आहेत. प्रत्येक माणूस वेगळा धरणं, भावना बोलू देणं, आपण भावनेत वाहून न जाणं, आहे तसा स्वीकार, निवाडा न करणं, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क, गोपनीयता. पहिल्या सहांची उदाहरणं साधी आणि आपल्याकडची आहेत. स्वयंनिर्णयाखाली नवऱ्याकडं परत जायचं का नाही हे बाई ठरवेल, तुम्ही नाही, असं स्वच्छ लिहिलंय, आणि हे पोरांना किती वेळा सांगावं लागतं ते माझं मला माहिती.

पण सातव्यावर येऊन घोळ घातलाय. गोपनीयता म्हणजे सेवार्थीची (ज्याच्यासाठी आपण काम करतो तो, क्लायंट) माहिती "कोणत्याही परिस्थितीत" कुणाला सांगायची नाही, असं ठळक अक्षरात. अहो असं कसं? फिल्डवर पोरगी बसलीय, बारा वर्षांची मुलगी तिला विश्वासानं सांगते की घरातला एक माणूस त्रास देतोय, आणि आमची पोरगी पुस्तक आठवून गप्प बसणार? पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे 2012 चा, त्याचं कलम 19 सांगतं की असं काही कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच, आणि ते सगळ्यांना लागू आहे, समाजकार्यकर्त्याला वेगळी सूट नाही. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे गोपनीयतेची मर्यादा कुठं संपते ते सांगितल्याशिवाय तो शब्द शिकवूच नये. बोलायला सुरुवात करण्याआधीच समोरच्याला सांगायचं असतं, की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जीवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, बाकी माझ्याजवळ राहील. माझ्या कॉपीत मी तिथं पेन्सिल बाजूला ठेवून लाल पेन वापरलाय.

कायद्याच्या शब्दांचं तर विचारूच नका. जे खाली बघा, "बालगुन्हेगार" छापलंय आणि पुढं बाल न्याय कायद्याचं साल 2000. तो कायदा जाऊन 2015 चा आला त्याला किती काळ लोटला. आणि हा नुसता साल बदलण्याचा प्रश्न नाही, 1986 च्या कायद्यात डेलिंक्वंट होतं, 2000 ला तो शब्द काढून टाकला, 2015 च्या कायद्यानं ज्युवेनाईलच्या जागी चाइल्ड आणलं आणि आपल्याकडं मराठीत आता "विधिसंघर्षग्रस्त बालक" लिहितात, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल. शब्द जड आहे, मान्य, पण 2015 च्या कायद्यात कलम 3 मध्ये जी तत्त्वं दिलीत त्यात एक तत्त्व खास भाषेचंच आहे, मुलाच्या कामकाजात त्याला डाग लावणारे, आरोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. म्हणजे भाषा नीट वापरा हे कायद्यातच लिहिलेलं आहे आणि परिभाषेच्या पुस्तकात नेमकं तेच नाही! बालकल्याण समिती आणि बाल न्याय मंडळ एकाच ओळीत उरकलेत, जणू दोन्ही एकच. समिती ही काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी, तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य. मंडळ हे विधिसंघर्षग्रस्त मुलांसाठी, तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात एक बाई असलीच पाहिजे. आणि समितीकडच्या मुलांचं बालगृह वेगळं, मंडळाकडच्या मुलांचं निरीक्षणगृह वेगळं. आपल्याकडं लोक सरसकट सगळ्याला "रिमांड होम" म्हणतात, लोकांचं ठीक आहे हो, पण रिपोर्टमध्ये तसं लिहिलंत तर घर सोडून आलेल्या पोराला तुम्ही कागदावर आरोपी करून टाकता.

दिव्यांगांच्या पानावर तीच तऱ्हा, 7 प्रकार दिलेत. ते 1995 च्या कायद्यातले, 2016 च्या कायद्यात 21 आहेत, ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स हे सगळं त्यात आलं. एखाद्या आईला तुम्ही "तुमच्या पोराचं ह्यात बसत नाही" म्हणून परत पाठवलं तर ते प्रमाणपत्र, पेन्शन, सगळंच राहिलं की. "मतिमंद" अजून छापलेलं आहे, ते वाचून तर पुस्तक मिटूनच ठेवलं त्या दिवशी.

आणि सोलापुरात विकायच्या पुस्तकात सेटलमेंट नसावी? सी खाली "क्रिमिनल ट्राइब्स – गुन्हेगार जमाती" एवढं छापून मोकळे. साल नाही, संदर्भ नाही. 1871 ला इंग्रजांनी कायदा करून जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात वसाहती केल्या, आपल्या गावातली सेटलमेंट त्यातलीच, आणि तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन असतो. विमुक्त हा शब्द अख्ख्या पुस्तकात नाही. ज्या पोरांचं फिल्डवर्क त्याच भागात लागतं त्यांनी हे पान वाचून जायचं आणि तिथल्या आजोबांसमोर वही उघडून "तुमची जमात" म्हणून विचारायचं? त्यापेक्षा काहीच न वाचता गेलेलं परवडलं.

दोन शब्दांना एकच मराठी देणं ही अजून एक सवय. असेसमेंटला मूल्यमापन आणि इव्हॅल्युएशनलाही मूल्यमापन. यंत्रमाग बंद पडून घरी बसलेला माणूस आहे, दारू वाढलीय, तर सुरुवातीला घरात कोण कमावतं, कर्ज किती, आधार कुणाचा, त्याला स्वतःला काय वाटतं, हे सगळं समजून घेणं म्हणजे असेसमेंट, त्याला मूल्यनिर्धारण म्हणतात. सहा महिने काम केल्यावर फरक पडला का ते तपासणं म्हणजे मूल्यमापन. पोरं दोन्हीला एकच लिहितात आणि मग पहिल्याच भेटीच्या रिपोर्टमध्ये "मूल्यमापन समाधानकारक" असं वाचायला मिळतं. पण ह्याचा कळस म्हणजे टर्मिनेशन, म्हणजे सेवार्थीबरोबरचं काम रीतसर थांबवणं. पुस्तकात अर्थ दिलाय "समाप्ती", बास, पुढं काही नाही. एका पोरानं रिपोर्टमध्ये लिहिलं, "आज सेवार्थीची समाप्ती केली." मी वाचून खुर्चीतून पडायचीच राहिले बघा.

आणि जे पुस्तकात कुठंच नाही ते म्हणजे हे शब्द माणसासमोर कसे बोलायचे, का बोलायचेच नाहीत. सेवार्थी घ्या. वकिलाचं अशील, दवाखान्यात पेशंट, योजनेत लाभार्थी, आणि आपल्या वहीत सेवार्थी. वहीत बरोबर आहे, कारण लाभार्थी म्हटलं की आपण देणारे आणि तो घेणारा असं होऊन बसतं. पण कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जाऊन मावशीला सेवार्थी म्हणालात तर ती तुमच्याकडं बघतच राहील. एकीनं तिथं जाऊन सांगितलं, "मावशी, तुमच्यावर केस स्टडी करायचीय." मावशीनं बिड्याचं सूप खाली ठेवलं आणि आधी हे विचारलं की केस कुणी टाकली, पोरानं का सुनेनं? केस म्हणजे कोर्ट, दुसरा अर्थच नाही. तसंच हस्तक्षेप. इंटरव्हेन्शनला हस्तक्षेप हा पुस्तकी शब्द आहे, पेपरात लिहा, पण कुणाच्या घरी जाऊन "आम्ही हस्तक्षेप करणार" म्हणालात तर कपबशी सोडा, पाणीसुद्धा मिळणार नाही. "मिळून काय करता येतंय बघू" म्हणा की. सोलापूरच्या पूर्व भागात तर अर्धं बोलणं तेलुगूत चालतं, तिथं तुमचं इंग्रजीही नको आणि तुमचं संस्कृत मराठीही नको, आधी शेजारच्या अक्काला बरोबर घ्या.

एक पान मात्र असं आहे की त्यासाठी 160 रुपये दिले तरी चालतील, आणि ते म्हणजे सगळ्यात शेवटचं, पुसट आलेलं, लघुरूपांचं. एसआयआर म्हणजे सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट (हल्ली एसआयआर म्हटलं की लोकांना मतदार यादीच आठवते, तेव्हा पूर्ण नाव बोला), आयसीपी म्हणजे मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा, डीसीपीयू म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष, डीआयआर म्हणजे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला घटनेचा अहवाल जो संरक्षण अधिकारी भरतात, शिवाय 1098 (मुलांसाठी) आणि 181 (बायकांसाठी) हे दोन्ही हेल्पलाइन नंबर. मिटिंगमध्ये अधिकारी लोक ह्याच भाषेत बोलतात आणि नवीन पोरं नुसती मान हलवत बसतात, त्यांनी हे पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावं.

तर पहिल्या वर्षाला असाल, पेपरची भीती असेल, तर घ्या, पद्धती आणि तत्त्वांपुरतं चांगलं आहे. दुसऱ्या वर्षाला किंवा संस्थेत कामाला असाल तर नका घेऊ, कायद्यांसाठी सरळ कायद्याची मराठी प्रतच बघा. झेरॉक्सवाल्यांना मी दुरुस्त्या लिहून दिल्यात, ते म्हणाले पुढच्या लॉटला सरांना सांगतो. तेव्हा दुकानात गेलात की पैसे काढायच्या आधी जे चं पान उघडा. 2015 दिसलं तर घ्या, 2000 च असेल तर मैत्रिणीकडून फक्त जेनोग्राम आणि लघुरूपांचं पान मागून तिथंच झेरॉक्स काढा, काम भागतंय.