टिसिआन आणि बॉनचा ईईजी संच : दोन महिने वापरल्यावर

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येतात. गेल्या पावसाळ्यात त्याचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) काढला तेव्हा मी मूळ डिजिटल नोंद मागितली. खिडकीवरून उत्तर आलं, "रिपोर्ट मिळेल, डेटा नाही मिळत." चार छापील पानं घेऊन घरी आलो. त्या पानांवर गणित कसं करणार? म्हणून जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये खुला केलेला ईईजी संच उतरवून घेतला आणि अशा आकड्यांच्या मालिका तपासणारं टिसिआन हे मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालवलं.

टिसिआन हे हेगर, कान्ट्झ आणि श्रायबर या तिघा संशोधकांचं. त्यात बटणं नाहीत, मेनू नाहीत. प्रत्येक कामाला एक छोटा प्रोग्रॅम आणि टाइप करायची आज्ञा. लिनक्सवर बसवताना सी या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर फोरट्रानचाही कंपायलर लागतो, तो आधी टाकून ठेवा.

संचात पाच गट आहेत, प्रत्येकात १०० तुकडे. एक तुकडा २३.६ सेकंदांचा, म्हणजे ४०९७ आकडे. पहिले दोन गट निरोगी माणसांच्या डोक्यावरून घेतलेले. उरलेले तीन गट फिटच्या रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून, त्यातला शेवटचा ऐन फिटमधला.

'डिले' हा प्रोग्रॅम प्रत्येक आकड्यासमोर त्याच नोंदीतला थोडा आधीचा आकडा ठेवतो. त्याचा आलेख काढला. निरोगी माणसाचा आलेख म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा. फिटच्या काही तुकड्यांत मात्र रेघ पुन्हा पुन्हा त्याच वाटेने फिरत होती, खळ्यावर पात धरलेल्या बैलांसारखी. मी बराच वेळ बघत बसलो. फिटमध्ये भावाचा उजवा हात असाच एका ठेक्यात झटके देतो.

पण टिसिआनची खरी किंमत 'सरोगेट्स' या प्रोग्रॅममध्ये आहे. तो मूळ नोंदीसारखीच, त्याच वारंवारतांची बनावट नोंद तयार करतो, आतली गुंतागुंतीची नाती तेवढी मोडून टाकतो. (४०९७ पैकी ४०९६ आकडेच घेतो, घाबरू नका, त्याच्या गणिताला तशीच संख्या लागते.) ल्यापुनॉव्ह घातांक म्हणजे सुरुवातीचा बारीकसा फरक किती वेगाने वाढतो त्याचं माप. तो धन आला की केऑस (नियमाने चालणारी, तरी बेभरवशाची दिसणारी हालचाल) सापडला, असं मीही धरून चाललो होतो. निरोगी गटातल्या एका तुकड्याची बनावट नोंद चालवली, तर तिचाही धनच आला; म्हणजे नुसता धन आकडा केऑसचा पुरावा नाही. तेव्हापासून सरोगेट न चालवता एकही आकडा वहीत लिहीत नाही.

या संचावर '९९ टक्के अचूकता' सांगणारे प्रकल्प बघाल तेव्हा कोणते गट घेतलेत ते आधी विचारा. पहिला आणि शेवटचा घेतला असेल, तर कवटीबाहेरची नोंद आतल्या नोंदीशी ताडून पाहिलेली असते. ते वेगळे निघणारच.

आईने विचारलं, "अरे, फिट कधी येणार ते कळेल का यातून?" नाही कळणार. त्यासाठी दिवसेंदिवस सलग चाललेली नोंद हवी. १९९० च्या दशकात केऑसच्या मापांवरून फिटचं भाकीत जमेल अशी मोठी आशा होती. पुढे लांब नोंदींवर तपासल्यावर सुरुवातीचे बरेच दावे टिकले नाहीत. आईला मी हे सगळं सांगितलं.

बायोमेडिकलच्या विद्यार्थ्यांनी हे दोन्ही जरूर वापरावं. मी आता परत त्याच खिडकीवर जाणार आहे, या वेळी लेखी अर्ज आणि पेनड्राइव्ह घेऊन.