परदेशातून ‘स्पर्श’ वापरताना: पैसे वेळेवर येतात, बाकीचं आपण बघायचं

फौजेतून निवृत्त होऊन मुलांकडे कॅनडात स्थायिक झालेल्या किंवा नोकरीसाठी दुबईला गेलेल्या माणसाला ‘स्पर्श’ हे सैनिकी पेन्शनचं सरकारी पोर्टल कितपत उपयोगी आहे? महिनाअखेरीला छान, नोव्हेंबरात जरा कटकटीचं आणि करभरणीच्या वेळी चक्क फसवं. पेन्शन चुकती करण्याचं काम हे पोर्टल नीट करतं. पण ते बनलंय भारतात राहणाऱ्या, भारतीय मोबाइल बाळगणाऱ्या आणि आधारवर बोट टेकवू शकणाऱ्या माणसासाठी. विमानात बसण्याआधी एवढं ध्यानात घेतलं तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

आधी चांगलं. पूर्वी सैनिकी पेन्शन बँकेच्या पेन्शन केंद्रातून किंवा डीपीडीओतून, म्हणजे संरक्षण पेन्शन वितरण कार्यालयातून, यायची. पगार आयोग लागला, ओआरओपीचा (समान हुद्दा, समान पेन्शन) तक्ता बदलला की प्रत्येक बँक आपापल्या गतीने आकडे बदलायची, आणि चूक निघाली की शाखेत खेटे घालावे लागायचे. परदेशात बसून हे जमायचं नाही. ‘स्पर्श’मध्ये पेन्शन मंजूर करणं आणि खात्यात टाकणं ही दोन्ही कामं रक्षा लेखा विभागाकडे आली, प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या पेन्शनचे हिशेब पाहणाऱ्या कार्यालयाच्या देखरेखीखाली. बँक आता फक्त पैसे ठेवायची जागा. पैसे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतात. अपवाद मार्चचा, ती पेन्शन एप्रिलच्या सुरुवातीला येते. दरवर्षी ३१ मार्चला ‘पेन्शन आली नाही’ म्हणून घाबरणारे कितीतरी असतात, म्हणून सांगितलं.

पेन्शन स्लिप, फॉर्म १६, नवा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बदललेला पीपीओ हे सगळं घरबसल्या डाउनलोड होतं. परदेशात व्हिसाच्या किंवा घरभाड्याच्या अर्जाला उत्पन्नाचा पुरावा मागतात, तेव्हा ही स्लिप फार कामाला येते.

आता निघण्यापूर्वीची कामं. सगळ्यांत नाजूक दुवा मोबाइल नंबरचा. पासवर्ड विसरला, प्रोफाइलमध्ये बदल करायचा, बँक खातं बदलायचं, की ओटीपी लागतोच. आधारचा ओटीपीही भारतीय नंबरवरच येतो, परदेशी नंबर आधारला चालत नाही. त्यामुळे भारतातलं सिम बंद करणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी काटकसर. रोमिंग चालू ठेवा आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या नंबरवरून एखादा कॉल किंवा एसएमएस करा. ९० दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि नुसते येणारे एसएमएस वापरात धरले जात नाहीत. बँकेचे ओटीपी येतायत म्हणजे सिम जिवंत आहे या भ्रमात राहू नका. नंबर एकदा दुसऱ्याच्या नावावर गेला की आधार, बँक आणि स्पर्श या तिन्हींची दारं एकदम बंद होतात. सोबत ईमेलही नोंदवा, आणि तो स्वतःचा असू द्या. सायबर कॅफेवाल्याने लॉगिन करून देताना घातलेला त्याचाच ईमेल अजूनही पुष्कळ प्रोफाइलमध्ये तसाच असतो.

दुसरं काम नावाचं. बँकेकडून स्पर्शवर आलेल्या जुन्या पेन्शनधारकांना पहिल्या लॉगिननंतर माहितीची पडताळणी करावी लागते, तिला पीडीव्ही म्हणतात. बरेच जण ‘पुढे, पुढे’ दाबत ती संपवून टाकतात. तसं करू नका. मराठी माणसाच्या नावाचा घोळ इथेच होतो: सेवा अभिलेखात ‘पाटील एस. आर.’, आधारवर ‘संजय रामचंद्र पाटील’, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव गायब. पत्नीच्या बाबतीत लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव आणि अंदाजे लिहिलेली जन्मतारीख. पुढे ही जन्मतारीख पैशांत मोजली जाते, कारण वय ८० झालं की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला शंभर टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू आहे. पत्नीची जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. अशी दुरुस्ती अभिलेख कार्यालयातून होते: मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, नौसैनिकांसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स. भारतात असताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे पाठवता येतात. परदेशातून तेच काम करायचं म्हणजे प्रत्येक प्रतिज्ञापत्रासाठी दूतावासाची वेळ मागत बसायचं.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. रस्ते दोन: डिजिटल आणि कागदी.

डिजिटलसाठी अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्यावी लागतात. आधी ‘ऑपरेटर’ची नोंदणी होते. ऑपरेटर म्हणजे कुणी परका नव्हे, तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणीही चालतं. त्याचा आधार, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा झाला की मग पेन्शनधारकाची माहिती भरायची. दाखले वाया जातात ते याच पडद्यावर. मंजुरी देणारा अधिकारी म्हणून भूदलासाठी ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’, नौदलासाठी ‘डिफेन्स – पीसीडीए (नेव्ही) मुंबई’, हवाई दलासाठी ‘डिफेन्स – जेसीडीए (एएफ) सुब्रोतो पार्क’ निवडायचं. पण त्याखालच्या ‘पेन्शन वितरण संस्था’ या चौकटीत तिघांनीही ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ हेच निवडायचं. शहराचं नाव प्रयागराज झालं तरी यादीत अलाहाबादच शोधा. जुन्या सवयीने इथे बँकेचं नाव निवडलं की दाखला बँकेकडे जातो. प्रमाण क्रमांकाचा, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याच्या नंबरचा, एसएमएसही येतो, माणूस निश्चिंत होतो, आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबते. पीपीओ क्रमांकही जुना लांबलचक नव्हे, स्पर्शचा नवा १२ अंकी भरायचा. ‘पुनर्नियुक्ती’ आणि ‘पुनर्विवाह’ या चौकटीही नीट पाहा, तिथे ‘होय’ पडलं तर डिजिटल दाखला होत नाही, कागदीच द्यावा लागतो.

प्रमाण क्रमांक आला म्हणजे दाखला तयार झाला, स्वीकारला गेला असं नव्हे. आठवडाभराने स्पर्शमध्ये लॉगिन करून पुढच्या दाखल्याची तारीख सरकली आहे का ते पाहा. ती सरकली की काम झालं.

चेहरा जुळत नाही ही नेहमीची तक्रार. खिडकीकडे पाठ करून बसू नका, प्रकाश समोरून येऊ द्या, चष्मा काढा आणि सांगितल्यावर डोळे मिटून उघडा. आधारवरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर भारतभेटीत तो बदलून घ्या. त्याला दुसरा इलाज नाही.

कागदी दाखल्यासाठी स्पर्शवरचा नमुना छापून भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात सही-शिक्का घ्यायचा. परदेशातल्या पेन्शनधारकासाठी दंडाधिकारी, नोटरी किंवा बँक अधिकारी यांची सहीही नियमात बसते, पण दूतावासाच्या शिक्क्यावर शंका निघत नाही, म्हणून तोच बरा. सोबत पासपोर्ट आणि पीपीओची प्रत न्या. मग स्वच्छ स्कॅन करून लॉगिनमधून अपलोड करायचं. हा कागद माणूस तपासतो, त्यामुळे वेळ लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांपैकी ज्यांच्याकडे आधार नाही त्यांना हाच मार्ग. नेपाळमधल्या गोरखा पेन्शनधारकांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारताची पेन्शन कार्यालयं आहेत. बाकी जगात तशी खिडकी नाही. भारतातली स्पर्शची सेवा केंद्रं, सीएससी (गावोगावची सामायिक सेवा केंद्रं) आणि बँक शाखा यांचा तुम्हाला परदेशात काही उपयोग नाही आणि टोल-फ्री नंबर बाहेरून लागेलच असं नाही.

बँकेचं प्रकरण पुष्कळांना उलटं समजलेलं असतं. नोकरीसाठी किंवा किती काळासाठी ते ठरवता न येणाऱ्या मुक्कामाला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी होता, आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं. नातवंडांकडे पर्यटक व्हिसावर पाच महिने जाणाऱ्याला याची गरज नाही. खातं बदलताना बँक नवा खाते क्रमांक देणार का, हे आधी विचारा. देत असेल तर क्रम असा ठेवा: नवं खातं सुरू, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान लावून स्पर्शमध्ये खातेबदल, एक पेन्शन नव्या खात्यात आलेली पाहणं, आणि मगच जुनं खातं बंद. उलटं केलं की रक्कम परत जाते आणि ती पुन्हा सुटायला महिने जातात. पत्नी भारतातच राहणार असेल तर एनआरओ खात्यात तिचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनेच लागतं, म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत खातं तुम्हीच चालवायचं, नंतर तिने. पेन्शन हे चालू उत्पन्न असल्याने कर भरल्यावर ती परदेशी पाठवता येते, किंवा एनआरई खात्यातही (ज्यातले पैसे मुक्तपणे परदेशी नेता येतात) वळवता येते. त्यासाठी बँक घोषणापत्र आणि बहुधा सीएचं प्रमाणपत्र मागते. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, म्हणून मोठी रक्कम तिथे पडू देऊ नये.

मघाशी फसवं म्हटलं ते कराबद्दल. भारतातल्या सेवेची पेन्शन भारतात करपात्र आहे, तुम्ही कुठेही राहा. पण निवासी आणि अनिवासी यांचं गणित वेगळं. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीने १२ लाख ७५ हजार पेन्शन धरा. ७५ हजार प्रमाणित वजावट गेल्यावर उरतात १२ लाख. निवासी माणसाला यावर सवलतीमुळे शून्य कर. अनिवासीला ती सवलत नाही: ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार, वर ४ टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये. तुम्ही देश सोडलाय हे प्रयागराजला आपोआप कसं कळणार? कर निवासी धरूनच कापला गेला असेल तर फॉर्म १६ वर शून्य दिसतं आणि माणूस खूश होतो. शिवाय धंदा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला अग्रिम करातून असलेली सूटही फक्त निवासीला आहे. म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना हप्ते भरायचे, नाहीतर वर व्याज. विवरणपत्रही आयटीआर-१ नव्हे, आयटीआर-२.

करासाठी अनिवासी कोण, हे फेमावर नाही, भारतातल्या दिवसांवर ठरतं. ढोबळ मर्यादा १८२ दिवसांची, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर भारतभेटीला आलेल्यांनी १२० दिवसांपासूनच सावध राहायचं. अपंगत्वामुळे सेवेतून मुक्त केलेल्यांची अपंगत्व पेन्शन आणि परमवीर, महावीर, वीर चक्राची पेन्शन करमुक्त आहे. फॉर्म १६ मध्ये ती वेगळी दाखवली आहे का तेवढं बघा. अमेरिका किंवा ब्रिटनशी असलेल्या करारांत सरकारी पेन्शनवर हक्क पेन्शन देणाऱ्या देशाचा असतो, पण तिथले रहिवासी असून तिथलंच नागरिकत्व घेतलंत की तो हक्क तिकडे जातो. अमेरिकेत तर नुसतं ग्रीन कार्ड असलं तरी तिथल्या विवरणपत्रात ही पेन्शन दाखवावी लागते, आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यावं लागतं.

स्लिप वाचायची सवय ठेवा. समजा मूळ पेन्शन ४० हजार आणि त्यातली ५० टक्के विकली, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतले. कपात २० हजारांची दिसेल, पण महागाई सवलत पूर्ण ४० हजारांवर हवी. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो, तो महिना कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. ओआरओपीची फेररचना दर पाच वर्षांनी होते, शेवटची १ जुलै २०२४ पासूनची. नवा पीपीओ आला की हुद्दा, गट आणि सेवेची वर्षं या तीन रकान्यांवर बोट ठेवून पाहा, आकडा चुकतो तो बहुधा तिथूनच.

तक्रार स्पर्शमध्येच करायची, एका तक्रारीत एकच मुद्दा. तीन गोष्टी एकत्र लिहिल्या की एकाचं उत्तर देऊन फाइल बंद होते. उत्तर पटलं नाही तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर आधीचा तक्रार क्रमांक देऊन पुढे जा.

शेवटी अवघड पण टाळू नये असं: पेन्शनधारक परदेशात वारला तर. तिथला मृत्यूचा दाखला आणि भारतीय दूतावासातली नोंद, दोन्ही लागतात. कळवायला उशीर झाला तर मधल्या महिन्यांची जमा झालेली पेन्शन नंतर वसूल होते, म्हणून ते पैसे खर्चू नयेत. कुटुंब निवृत्तिवेतन वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, सात वर्षं किंवा पेन्शनधारक ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तिथवर मिळतं. नंतर ३० टक्के. पत्नीचं नाव पीपीओवर असेल, तिचा पॅन, आधार आणि बँक खातं स्पर्शवर आधीच नोंदलेलं असेल तर काम लवकर होतं. ते भारतीय सिम कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, हेही तिला माहीत हवं.