रशियाची गोळी, ३७,८८४ रुपये आणि मी विज्ञानाची बाई

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाच जाईल: ३७,८८४ रुपये. तपासणीचे ४९९, नऊ डब्यांचे ३१,१८५ आणि 'कस्टम'चे ६,२००. मी बावीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवते. हसा खुशाल.

सोसायटीच्या हॉलमधलं आरोग्य तपासणीचं शिबिर, हातात धरायची ती धातूची दांडी, लॅपटॉपवरचे लाल-पिवळे पट्टे, 'आजच बुक केलं तर दहा टक्के सूट'. हा खेळ तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. पण सासूबाई एकोणीस वर्षं आळंदीहून पायी वारीला गेल्यात आणि गेली दोन वर्षं गुडघ्यांपायी पालखी टीव्हीवर बघतायत. शिबिरात गोळ्या विकणारा पोरगा त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "आजी, यंदा आषाढीला तुम्ही चालत जाणार." त्या डोळे पुसायला लागल्या. अशा वेळी पावती कोण मागतं? (मागा. पक्की, जीएसटी नंबरची.)

माल होता पेप्टाइड बायोरेग्युलेटरचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, अवयव दुरुस्त करतात म्हणे. एक कूर्चेसाठी (सांध्यातली गादी), एक रक्तवाहिन्यांसाठी, एक थायमस या छातीतल्या ग्रंथीचं. त्याचं अर्धं बोलणं खरं होतं, तिथंच मी अडकले. व्लादिमीर खाविन्सन नावाचे शास्त्रज्ञ खरोखरच होऊन गेले. १९७० च्या दशकात लेनिनग्राडच्या सैनिकी वैद्यकीय अकादमीत त्यांनी वासरांच्या थायमस ग्रंथीच्या अर्कावर काम केलं, हेही खरं. पण रशियात त्या अर्काचं थायमालिन औषध म्हणून मिळतं ते इंजेक्शनच्या रूपात आणि या कॅप्सूल पूरक आहार म्हणून विकल्या जातात, हे त्यानं गाळलं. संशोधनही बहुतेक खाविन्सन यांच्याच गटाचं. बाहेरच्यांच्या मोठ्या चाचण्या शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही.

आणि तो क्षण. तो मला अजून झोपू देत नाही. मी हात वर केला होता हो! विचारलं होतं, "प्रथिनं जठरात पेप्सिननं तुटतात, मग हे गुडघ्यापर्यंत पोचणार कसं?" अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. तो हसून म्हणाला, "मॅडम टीचर दिसतात! असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ही दोन-चार अमिनो आम्लांचीच साखळी, ती तुटत नाही, थेट रक्तात." दोन-तीनची साखळी आतड्यातून शोषली जाते, हे मला ठाऊक होतं. पण शोषली गेली म्हणून झिजलेली कूर्चा परत येते का, हा पुढचा प्रश्न होता. तो मी विचारला नाही. कौतुक ऐकून खाली बसले आणि वर शेजारणीला समजावूनही सांगितलं! तिचेही पैसे गेले. ती आता लिफ्टमध्ये बोलत नाही.

क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल अ‍ॅक्सेसरीजवाल्याचं. तेव्हाच थांबायचं. कस्टम भरून आलेल्या 'रशियाच्या' पार्सलवर कुरियरची चिठ्ठी भिवंडीची. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा हिरवा ठिपका शोधणारी मी, या डब्यावर ठिपकाच नाही हे मला दोन महिन्यांनी दिसलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर बारा आकडी. तो चौदा आकडी असतो, मोजा. आणि खरा असला तरी तो अन्नाचा परवाना. 'संधिवात बरा होतो' असं म्हणायची मुभा त्यानं मिळत नाही.

मुलानं डब्यावरच्या रशियन अक्षरांवर फोनचा कॅमेरा धरला: वासराच्या कूर्चेचा अर्क. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एकादशीलाही मी स्वतःच्या हातानं दिलीय ती गोळी.

मग शाळेच्या प्रयोगशाळेत पाच कॅप्सूल फोडल्या. भुकटीवर आयोडीन टाकलं, निळंकाळं झालं. स्टार्च. भरीला तो असतो, मान्य. पण मोरचूद आणि कॉस्टिक सोडा घालून बघितलं तर प्रथिनाचा जांभळा रंग भुकटीला काही येईना. आला तो रिकाम्या टरफलाला, कारण ते जिलेटिनचं!

आता तक्रारीचं. ठाण्यात पहिला प्रश्न, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतःच दिले ना?" दुसरा, "शिकलेल्या दिसता." अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या सरकारी कचेरीत अन्नवाले म्हणाले हे औषध, औषधवाले म्हणाले हे अन्न. मधे एक जिना. तो मी चार वेळा चढले-उतरले, माझेही गुडघे आहेत. १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याचा अर्जात उल्लेख केला, तर साहेब म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणजे चोरापेक्षा मीच संशयित! तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला, चौथ्या खेपेला अर्जच सापडेना. पुन्हा झेरॉक्स, पुन्हा रांग.

पैसे गेल्या-गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, दोन महिन्यांनी नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. डबे फेकू नका, पुरावा आहे तो. आणि ऑर्थोपेडिककडे आधी जा; आमच्या डॉक्टरांनी ३०० रुपयांत एक्स-रे बघून व्यायाम लिहून दिले.

सासूबाईंना वासराचं अजून सांगितलेलं नाही. उरलेले चार डबे माझ्या कपाटात साड्यांच्या मागे आहेत. रात्री जेवण झालं की त्या विचारतात, "रशियाची गोळी संपली का गं?"