केमोसाठी पिक लाइन की पोर्ट?

दोन-तीन केमो झाल्या की हाताच्या शिरा कडक होतात, काळवंडतात. मग सुई लावायला तीन-तीन ठिकाणी टोचावं लागतं. त्यात डॉक्सोरुबिसिनसारखं लाल औषध शिरेबाहेर झिरपलं, तर आतलं मांस जळून जखम होते. म्हणून डॉक्टर मोठ्या शिरेत नळी घालायला सुचवतात: पिक लाइन किंवा पोर्ट. मग डे-केअरमध्ये नातेवाईक मला विचारतात, "सिस्टर, दोन्हीतलं काय घेऊ?"

दोन्ही नळ्यांचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतच पोचतं. घालायची पद्धतही मुळात एकच: आधी सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. स्वीडनच्या डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेली.

पिक लाइन दंडातल्या शिरेतून, सोनोग्राफीवर बघत, जागा बधिर करून घालतात. टाके नाहीत, सुरुवातीचा खर्च कमी. पण नळीचं टोक दंडाबाहेर लोंबतं. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं आणि सलाईनने फ्लश करायचं, म्हणजे नळी आतून धुवायची, तेही १० मिलीच्या सिरिंजनेच. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फुटू शकते. आंघोळीला दंड प्लास्टिकने गुंडाळायचा, त्या हातावर बीपी घ्यायचं नाही. विदर्भातून मुंबईला केमोला येणाऱ्यांना मी आधी विचारते, गावाकडे दर आठवड्याचं ड्रेसिंग कोण करणार?

पोर्ट म्हणजे कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसवलेली, नळीला जोडलेली छोटी डबी. त्यासाठी छोटं ऑपरेशन लागतं, काढतानाही चिरा द्यावा लागतो. प्रत्येक वेळी खास ह्यूबर सुई टोचायची, कारण साध्या सुईने डबीचं सिलिकॉन खरवडलं जातं. पण जखम भरली की बाहेर काहीच नसतं, खुशाल आंघोळ करा. केमो संपल्यावरही सहसा महिन्यातून एकदा फ्लश पुरतो. ब्रिटनमधल्या कावा चाचणीत (२०२१) पोर्टवाल्या ३२ टक्के, तर पिकवाल्या ४७ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली.

उपचार दोन-तीन महिन्यांत आटोपणार असतील आणि ड्रेसिंगची सोय जवळ असेल, तर पिक पुरे. सहा महिने किंवा जास्त चालणार असतील, तर सुरुवातीला खर्च झाला तरी मी पोर्टच सांगेन. किडनीचा आजार असेल तर पिक शक्यतो टाळा. पुढे डायलिसिस लागला तर फिस्टुलासाठी (त्यासाठी हातात धमनी-शीर जोडतात) हाताच्या शिरा शाबूत हव्यात.

काहीही घेतलंत तरी थंडी वाजून ताप आला किंवा दंड-मान सुजली, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, आणि नळीचं कार्ड बरोबर न्या.